प्रसाद चालत नाही, सही चालते

प्रश्न : मी सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरला आहे. दर रविवारी उपासनेला जातो, रात्री मुलांना घेऊन प्रार्थना करतो. गणपतीत कारखान्यात आरती होते, तेव्हा मी प्रसाद घेत नाही. यंदा एका सहकाऱ्याने सगळ्यांसमोर विचारलं, "प्रसाद चालत नाही, आणि स्क्रॅपच्या खोट्या वजनावर सही चालते?" मला उत्तर देता आलं नाही. साहेब सांगतात तिथे मी सही करतो. घराचे हप्ते आहेत. आजच्या काळात निष्ठेने ख्रिस्ती म्हणून जगायचं म्हणजे नक्की काय करायचं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचं पत्र दोन दिवस उशाशी ठेवलं होतं. मी अंबडला ३१ वर्षं स्टोअरकीपर होतो. तुम्ही आज जिथे उभे आहात, तिथे मी उभा राहून आलो आहे.

आमच्याकडे स्क्रॅपची रिकामी गाडी काट्यावर यायची, तेव्हा तिच्यात २०० लिटरचं पिंप पाण्याने काठोकाठ भरलेलं असायचं आणि केबिनमध्ये तीन माणसं जास्तीची. माल भरून गाडी परत काट्यावर यायची तेव्हा पिंप रिकामं, माणसं खाली उतरलेली. भरल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करतात, म्हणजे जवळजवळ ४०० किलो लोखंड फुकट बाहेर. मला हे दिसत होतं. मी सही करायचो आणि संध्याकाळी पाकीट मिळायचं. पहिल्या पाकिटातून मी मुलाला मेन रोडवरून शाळेचे बूट घेतले.

पुढे एका रविवारी प्रभुभोजनाला गुडघे टेकले. पाळकसाहेबांनी तळहातावर भाकर ठेवली, आणि माझ्या अंगठ्यावर आदल्या दिवशीच्या स्टॅम्पपॅडची जांभळी शाई तशीच होती. तरीही मी ती भाकर खाल्ली. त्यानंतर आणखी आठ महिने सह्या केल्या. तुम्हाला अजून धीर होत नाही म्हणून तुमचा विश्वास खोटा आहे, असं समजू नका.

बायबलमधल्या लूकच्या १९व्या अध्यायातला जकातदार जक्कय आठवा. प्रभू त्याच्या घरी आला, तेव्हा त्याने लुबाडलेलं चौपट परत करतो म्हणून सांगितलं. प्रभूने त्याला हिशेब मागितलाच नव्हता. माझी चौपट भरण्याची ऐपत नव्हती. घेतलं होतं तेवढं वर्षभर हप्त्यांनी भरलं. कॅशियरला पैसे कुठल्या खात्यात घ्यावेत ते कळेना, शेवटी त्याने 'इतर जमा' लिहिलं. साहेबांना सांगितलं, पिंप रिकामं करून वजन होणार नसेल तर मी सही करणार नाही. माझी दोन वर्षांची पगारवाढ थांबली. त्या दोन वर्षांत आमचं घर बायकोच्या शिलाई मशीनवर चाललं.

आपल्या शरणपूरची एक गोष्ट मला फार जवळची आहे. चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ साली वसवलेल्या त्या वस्तीत, गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं शिकत होती. जेकब वेनराईट त्यांच्यातला. १८७३ साली आफ्रिकेच्या आतल्या भागात मिशनरी आणि संशोधक-प्रवासी डॉ. लिव्हिंगस्टन वारले, तेव्हा तो सोबत होता. सोबत्यांनी शव त्या आतल्या मुलखातच सोडून दिलं असतं तरी विचारायला कोण येणार होतं? त्यांनी ते समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून आणलं. मला त्याहून जास्त भिडतं ते आधीचं. सगळ्यांच्या समक्ष डॉक्टरांच्या पेट्या उघडल्या आणि जेकबने एकेक वस्तूची यादी लिहून काढली. रानात, जिथे तपासायला कुणी नव्हतं, तिथे आपल्या नाशिकला शिकलेल्या पोराने स्टॉक घेतला! स्टोअरच्या माणसाला हे वाचून काय वाटतं, ते तुम्हाला सांगायला नको.

प्रसादाचं म्हणाल, तर बायबलच्या काळात करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीतही मूर्तीला वाहिलेलं खावं का, हाच वाद होता. मूर्ती म्हणजे काहीच नाही, असं प्रेषित पौल म्हणतो, पण आपल्या खाण्याने दुसऱ्या भावाचा विश्वास अडखळणार असेल तर खाऊ नये, असंही तोच सांगतो. आमच्याकडे शेजारच्या वहिनी मोदक आणतात. मी त्यांच्या मायेचे म्हणून खातो, माझी बायको खात नाही. नाताळात आमच्या करंज्या त्यांच्याकडे जातात. तुमचं मन घेऊ नको म्हणत असेल, तर हात जोडून नाही म्हणा. पण ज्याने मोदक नाकारला त्याच हाताने खोटी पावती लिहिली, तर मोदकाला नाही म्हणण्यात काय उरलं?

आधी बायकोला सगळं सांगा, कारण झळ तिलाही बसणार आहे. तीन महिन्यांचे हप्ते बाजूला पडतील असं दोघांनी मिळून बघा, पण बाजूला टाकतोय या सबबीवर वर्ष काढू नका. मग साहेबांना एकटं गाठून, आवाज न चढवता सांगा. नोकरी जाणारच नाही, असं वचन मी देऊ शकत नाही. गेलीच, तर पाळकांकडे जायला लाजू नका. अशा वेळी मंडळीने पाठीशी उभं राहायचं नाही तर कधी?

आणि उद्या शिफ्ट सुरू होण्याआधी त्या सहकाऱ्याला भेटा. त्याने चारचौघांत विचारलं होतं, तुम्हीही चारचौघांतच सांगा : तुझं बरोबर होतं.