शीड उलगडत नाहीत, चढवतात

प्रश्न असा आहे. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या इंग्रजी अंतराळ मालिकेच्या पाचव्या पर्वातला ‘डार्मोक’ हा भाग पाहून मालवणच्या एका प्रेक्षकाने मराठीत प्रतिक्रिया लिहिली. त्यातलं टामारियन लोकांचं एक वाक्य त्याने ‘मीराब, शिडे उलगडून’ असं उतरवलं. घरात शिडाच्या होडीवर उमेदीची वर्षं घालवलेले आजोबा आहेत. ते म्हणाले, “शीड म्हंजे काय चटय हा, उलगडूक?” तेव्हा इथे कोणतं क्रियापद घ्यावं, आणि अशी बाकीची वाक्यं मराठीत कशी आणावीत, असं त्याने विचारलं आहे.

आजोबांचं बरोबर आहे. पण प्रेक्षकाकडून चूक का झाली ते पाहायला हवं, कारण ती शब्दकोशाने केलेली चूक आहे.

ज्यांनी हा भाग पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: 1991 साली दाखवलेल्या या भागात अंतराळजहाजाचा कप्तान पिकार्ड याची गाठ टामारियन या परग्रहावरच्या लोकांशी पडते. जहाजावरचं भाषांतर यंत्र त्यांचे शब्द नीट उतरवतं, तरी बोलणं काही कळत नाही. कारण हे लोक सरळ काही बोलतच नाहीत, आपल्या पुराणकथांतली पात्रं आणि प्रसंग यांची नावं घेतात. ‘डार्मोक आणि जालाड, टानाग्रात’ याचा अर्थ दोन अनोळखी माणसं एका बेटावर एकाच संकटाशी लढली आणि मित्र झाली. गोष्ट माहीत नसेल तर हाती उरतात तीन विशेषनामं. ‘मीराब, शिडे अमुक करून’ हे वाक्य निघायच्या वेळी येतं. अर्थ एवढाच की चला, निघू या.

आता शीड. मूळ वाक्यात शब्द आहे ‘अनफर्ल्ड’. म्हणजे गुंडाळलेलं होतं ते सुटलं. हे चित्र युरोपातल्या चौकोनी शिडांच्या जहाजाचं आहे. तिथे आडवी काठी वर डोलकाठीलाच असते आणि शीड तिच्यावर गुंडाळून बांधलेलं असतं. निघताना खलाशी वर चढतात, काठीवर ओणवे होऊन बांधण्या सोडतात आणि कापड खाली पडतं. तिथलं शीड वरून खाली उघडतं.

आपल्या किनाऱ्यावरच्या गलबताचं, मचव्याचं तसं नाही. इथलं शीड तिरकं. त्याची वरची कड एका लांबलचक काठीला, म्हणजे परबाणाला, बांधलेली असते. शीड नसतं तेव्हा परबाण खाली उतरवलेलं असतं. निघताना पाचसहा जण दोराला लागतात आणि परबाणासकट शीड डोलकाठीवर चढवतात. म्हणजे इथलं शीड खालून वर जातं. हिंदी महासागरातल्या तिरक्या शिडांची सर्वसाधारण रीत अशी की कापड परबाणाला कच्च्या सुतळीने ठिकठिकाणी आवळून मगच वर न्यायचं. तसं केलं नाही तर अर्ध्या वाटेतच वारा भरतो, परबाण हिसके खातं, होडी कलते आणि दोर हातातून सुटतो. परबाण माथ्याला पोहोचलं की खालच्या टोकाचा दोर ओढायचा; सुतळ्या पटापट तुटतात आणि शीड एका झटक्यात भरतं. उलगडणं आहे, पण ते शेवटच्या दोन क्षणांचं. माणसांचं काम आहे ते चढवण्याचं, आणि निघण्याची खूणही तीच. लांबून किनाऱ्यावरच्या माणसाला दिसतं तेही तेच: परबाण वर जाताना.

म्हणून ‘शिडे उभारून’ किंवा ‘शिडे चढवून’. यातलं ‘उभारून’ मला जास्त पसंत आहे. गुढी उभारतात, शीड उभारतात. लिहिलेल्या मराठीत हे क्रियापद शिडाशी चांगलं रुळलेलं आहे, आणि पुराणातल्या वाक्याला लागणारा थोडा भारदस्तपणाही त्यात आहे. ‘चढवून’ बोलीत छान, पण कळसही चढवतात आणि अंगरखाही.

बाकीची क्रियापदं सुचतील, त्यांचं काय होतं ते बघा. ‘शिडे सोडून’ हे सगळ्यांत धोक्याचं. ‘मीराब, शिडे सोडून’ याचा पहिला अर्थ लागतो ‘शिडं वगळता बाकी सगळं’, दुसरा लागतो ‘शिडं टाकून पळालेला’. निघण्याचा अर्थ तिसऱ्या नंबरला. ‘शिडे फडकावून’ लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे निशाण आहे. फडफडणारं शीड म्हणजे वारा न धरणारं शीड. दोर ढिला पडलाय किंवा होडीचं तोंड वाऱ्यात गेलंय, आणि तांडेल शिव्या घालतोय. ‘शिडे फुगवून’मध्ये काम मीराबचं नाही, वाऱ्याचं आहे. ‘फुगलेल्या शिडांचा मीराब’ हे सुंदर आहे, पण तो मीराब भर समुद्रात आहे, बंदरातून निघणारा नव्हे. वेगळ्या अर्थासाठी राखून ठेवावा: सगळं सुरळीत चाललंय.

‘नांगर उचलून’ असाही मोह होतो, कारण निघताना तेही करावं लागतं. पण मराठीत नांगर दोन. शेतातला संस्कृत लांगलातून आलेला, समुद्रातला फारसी लंगरावरून; दोघे उच्चारात एक होऊन बसले. रत्नागिरीचा वाचक बरोबर समजेल. घाटावरच्या वाचकाला मीराब शेतावर निघालेला दिसेल.

आणि ‘हाकारणे’? गलबत हाकारलं म्हणजे निघालं, हा अस्सल शब्द आहे आणि जपायला हवा. पण ‘मीराबने गलबत हाकारले’ केलं की ती बातमी होते. टामारियन वाक्याची गंमत अशी की त्यात मुख्य क्रियापद नसतं. चित्र दाखवून माणूस गप्प बसतो.

आता रचनेबद्दल. इंग्रजीत या वाक्यांत ‘त्याचे डोळे’, ‘त्याचे हात’ असं वारंवार येतं. मराठीत ते ‘त्याची-त्याचे’ पूर्ण गाळायचं. माणसाचं नाव घेतलं आणि पुढे डोळे म्हटलं की डोळे त्याचेच. शेजाऱ्याचे असते तर सांगितलं असतं. ‘मीराब, त्याची शिडे उभारलेली’ हे वाचताना इंग्रजी जहाज दिसतं. ‘-ऊन’ लावलं की काम होतं: ‘मीराब, शिडे उभारून’. ऊनान्त रूप मराठीत पुढच्या क्रियापदाची वाट पाहायला लावतं. उभारून… मग काय? निघाला. ते न बोललेलं ‘निघाला’ ऐकणाऱ्याने भरायचं, आणि टामारियन भाषेचा सगळा व्यवहार तोच तर आहे. मात्र हेच ‘-ऊन’ सगळीकडे चालवू नये. शाका या दुसऱ्या पात्राचं वाक्य अपयशाचं आहे, झालं-गेलं सांगणारं, तिथे ‘शाका, तट ढासळले तेव्हा’. मूळ शब्दांप्रमाणे ‘भिंती पडल्या’ म्हटलं की पावसाळ्यात गोठा पडल्यासारखं वाटतं. सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग ज्याने पाहिलेत त्याला ‘तट’ शब्दाचं वजन सांगायला नको.

सोकाथचं वाक्य फुकट मिळतं: ‘सोकाथ, डोळे उघडले’. एखाद्या गोष्टीचा उलगडा होणं, भान येणं, यासाठी मराठीत डोळे आधीपासूनच उघडतात. (इथे मात्र ‘उलगडा’ चालतो. शब्द वाईट नाही, त्याला शिडावर नेलं हे चुकलं.)

खरा खड्डा टेम्बाच्या वाक्यात आहे. टेम्बा दोन्ही हात मोकळे करून उभा आहे. अर्थ: घे, हे तुला. रात्री टामारियन कप्तान पिकार्डला जळतं लाकूड देतो तेव्हाचं हे वाक्य. सरळ भाषांतर केलं तर ‘टेम्बा, हात पसरून’. आणि मराठीत हात पसरणारा देत नसतो, मागत असतो. अर्थ अगदी उलटा झाला! विस्तव देऊ करणारा कप्तान भीक मागणारा ठरला. ‘हात पुढे करून’ संदिग्ध आहे, कारण हात मदतीलाही पुढे होतो आणि घेण्यासाठीही. ‘हात मोकळे सोडून’ म्हणजे काम टाकून निवांत. मला ‘टेम्बा, ओंजळ पुढे करून’ही पटत नाही, कारण ओंजळ रिकामी की भरलेली हे कळत नाही. ‘टेम्बा, भरल्या ओंजळीने’ मात्र बसतं. मूळ चित्रातले हात थोडे जवळ आले, पण देणं शाबूत राहिलं. ‘सढळ हाताचा टेम्बा’ असंही करता येईल, फक्त मग चित्र राहत नाही, स्वभाव राहतो.

यातून कामाची एक पद्धत निघते. आधी मूळ चित्रात कोण काय करतंय ते पाहा. मग मराठी शब्द जुळवा. मग ते शब्द एकत्र आल्यावर मराठीत आधीच कुठे वाक्प्रचार म्हणून नोकरीला आहेत का ते तपासा. ‘हात पसरणे’, ‘डोळे उघडणे’, ‘तोंड काळे करणे’ ही सगळी आधीच कामावर आहेत. रागासाठी येणारं झिंडाचं वाक्य आहे, तोंड काळं आणि डोळे लाल असलेलं. तिथे ‘झिंडा, तोंड काळे’ केलं तर मराठी वाचकाला वाटेल की झिंडा बदनाम होऊन गाव सोडून गेला. ‘चेहरा काळाठिक्कर, डोळे लाल’ असं केलं की राग परत येतो.

‘टेमार्क नदी, हिवाळ्यात’ हे वाक्य गप्प करण्यासाठी वापरलं आहे. कोकणात नदी हिवाळ्यात गोठत नाही. वाशिष्ठीला काय किंवा काजळीला काय, माघातही भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर होतच असतं. तरी ‘गोठलेली’ हा शब्द घुसडू नये. प्रसंग पाहताना कळतं, आणि परकी नदी थोडी परकी राहिलेली बरी.

प्रतिक्रियेत आणखी एक आक्षेप आहे, आणि तो या भागाच्या चाहत्यांत नेहमीचा आहे: गोष्टी माहीत असल्याशिवाय भाषा कळत नसेल, तर टामारियन मुलं आधी गोष्टी कुठल्या भाषेत ऐकतात? मराठी माणसाला हा आक्षेप इतका अवघड वाटू नये. ‘ध चा मा करणे’ हे घ्या. नारायणराव पेशव्यांचा खून 1773 चा. ‘धरावे’चं ‘मारावे’ केल्याची कथा आनंदीबाईंच्या नावावर सांगितली जाते. पण चौथीतला मुलगा निरोपाची उलटापालट झाल्यावर ‘ध चा मा’ म्हणतो, त्याला नारायणराव माहीत नसतो. प्रसंगातून अर्थ कळतो, गोष्ट नंतर भेटते किंवा भेटतही नाही. ‘अटकेपार झेंडा’मधली अटक म्हणजे सिंधूकाठचं अटक, 1758 च्या मोहिमेतलं, पोलिसांची अटक नव्हे. हे न कळताही झेंडे लागतच असतात. भाषांतर यंत्राला ‘ध चा मा केला’ दिलं तर ते सांगेल की एका अक्षराचं दुसरं अक्षर केलं. अक्षर न् अक्षर बरोबर, अर्थ शून्य. पिकार्डच्या जहाजावर नेमकं हेच झालं.

रचनाही आपल्याला नवी नाही. ‘वरातीमागून घोडं’. ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’. नाव, वस्तू, अवस्था, आणि क्रियापदाचा पत्ता नाही. सोनूबाई टामारियन जहाजावर सहज खपून जाईल. म्हणूनच या वाक्यांना मराठीत आणताना ‘आहे’, ‘होता’, ‘असताना’ अशी ठिगळं लावू नयेत.

राहिलं शुद्धलेखन. शीड नपुंसकलिंगी. एकवचनात ‘शी’ दीर्घ, पण प्रत्यय लागला की ऱ्हस्व: शिडाला, शिडात, शिडांची, पीठ-पिठाला, मीठ-मिठाला यांच्यासारखंच. अनेकवचन लेखी ‘शिडे’, बोलण्यात ‘शिडं’. पात्रांच्या तोंडी ‘शिडे’ ठेवा, स्वतःच्या प्रतिक्रियेत ‘शिडं’ लिहा. दोन्ही एकाच ओळीत मिसळू नका. ‘शिडी’ झाली तर मीराब माडावर चढेल. आणि टेम्बा हे नाव ‘म्ब’ असं फोडूनच लिहा. अनुस्वार देऊन ‘टेंबा’ लिहिलं की डोळा त्याचा ‘टेंभा’ करतो, आणि मग तो काही देत नाही, नुसता मिरवतो.