आधी फाइल वाचा, मग पुस्तक

"मॅडम, एखादं चांगलं पुस्तक सांगा." कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत दत्तक पालक सल्ल्याला आले की खुर्चीत टेकता टेकता हे वाक्य येतं. वाचायची इच्छा चांगलीच आहे. पण या वाक्याच्या पोटात बहुतेक वेळा दुसराच प्रश्न दडलेला असतो, आणि तो पुस्तकाने सुटत नाही. तेच तेच घोळ पुन्हा पुन्हा येतात म्हणून या वेळी त्यांचाच गठ्ठा सोडते. नावं अर्थातच गाळली आहेत.

प्रश्न : नोंदणी करण्याआधी एकच गोष्ट वाचायची तर कोणती? (शाहूपुरी)

दत्तक नियमावली, 2022. कारा म्हणजे देशभरातलं दत्तकाचं काम पाहणारं केंद्रीय प्राधिकरण, त्याच्या संकेतस्थळावर फुकट आहे.

प्रश्न : माझं वय 46, पत्नीचं 42. आम्हाला तान्हं बाळच हवं आहे. मोबाइलवर कुणी म्हणतं मिळेल, कुणी म्हणतं नाही. कुठे वाचू? (कदमवाडी)

दोघांच्या वयांची बेरीज करा : 88. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ही बेरीज 85 च्या वर चालत नाही, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी 90 पर्यंत चालते. म्हणजे तुमच्यासाठी दोन ते चारचा गट. मोबाइल खाली ठेवा आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन बोला.

प्रश्न : ओळखीच्या एका सिस्टर म्हणतात, एका मुलीचं बाळ आहे, स्टँपपेपरवर लिहून लगेच मिळेल. असं लिहून घेताना मजकूर काय असावा? (गडहिंग्लज)

कसलाच नाही. तुम्ही मजकूर शोधताय, इथे गुन्हा होतोय. बाल न्याय कायद्याखाली रीतसर मार्ग सोडून मूल दिलं-घेतलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पैशांचा व्यवहार झाला तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. त्या मुलीला बाळ सांभाळणं शक्य नसेल तर ते बालकल्याण समितीपुढे सोपवता येतं, आणि सोपवल्यावरही तिला फेरविचाराला 60 दिवस मिळतात. ते दिवस तिचे आहेत, तुमच्या घाईसाठी ते कापता येत नाहीत. आजच 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा. सिस्टरना नाही.

प्रश्न : 'दत्तक बाळ स्वागत संच' अशी जाहिरात आली. साडेसहा हजारांत पाच गोष्टींची पुस्तकं, माया लागावी म्हणून एक तेल आणि 'खऱ्या आईचं पत्र'. घेऊ का? (मंगळवार पेठ)

नका घेऊ. तेलाने कातडी मऊ होते, माया लागते ती रोज मालीश करणाऱ्या हाताची. खोबरेल घ्या. आणि ते पत्र! छापखान्यात जुळवलेलं पत्र आईचं म्हणून मुलाच्या हातात द्यायचं, आणि पंधरा वर्षांनी त्याने तेच पत्र दुसऱ्याही मुलाकडे पाहायचं? खोट्याची सुरुवात इतक्या महाग नको. जाता जाता : 'खरी आई' हा शब्दही घरातून काढा. जन्मदात्री म्हणा.

प्रश्न : मुलगी साडेचार वर्षांची आहे, तीन महिन्यांची असताना आमच्याकडे आली. सासूबाई म्हणतात, दहावी झाली की सांगू, आत्ता डोक्यात काही घालू नका. त्या वयाला साजेसं पुस्तक आत्ताच घेऊन ठेवावं म्हणते. की कृष्ण-यशोदेची गोष्ट सांगू? (इचलकरंजी)

पुस्तक आत्ता घ्यायचं आणि अकरा वर्षांनी उघडायचं! तोवर त्याला वाळवी लागेल, आणि शेजारच्या काकूंनी किंवा पतंगाच्या भांडणात चुलतभावाने तिला केव्हाच सांगून टाकलेलं असेल. ज्या बारशाला दीडशे पान उठलं, त्या बाळाचं गुपित राहतं असं सासूबाईंना खरंच वाटतं का?

चार-पाच वर्षांचं मूल 'दत्तक' हा शब्द 'पोपट' म्हणावा तसा म्हणतं. त्याला अर्थ कळत नाही, आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं. शब्द आधी घरात रुळावा, अर्थ मागून येतो. सात-आठच्या सुमारास मूल उलटा हिशोब मांडतं : तुम्ही मला आणलं, म्हणजे कुणीतरी मला सोडलं. तेव्हा ते गप्प होतं, चिडतं, रात्री रडतं, आणि आईबाप माझ्याकडे धावत येतात की सांगून चूक झाली. चूक नाही हो, समज आली. मग तेरा-चौदाला आरशासमोर तिसरा प्रश्न उभा राहतो : मी दिसते कुणासारखी? म्हणजे हे सांगणं एकदाचं नाही, दर वयाला नव्याने करायचं आहे. आणि ते पहिल्यांदाच दहावीनंतर करायचं, तर याहून वाईट मुहूर्त पंचांगात सापडणार नाही.

पासपोर्टसाठी कागद शोधताना कपाटात कोर्टाचा दत्तक आदेश सापडलेला एक तरुण माझ्यासमोर बसला होता. वय तेवीस. म्हणाला, "दत्तक आहे याचं काही नाही. पण सगळ्या मावश्यांना माहीत होतं, आणि मला नव्हतं." त्याने घरी जेवणं सोडलं होतं.

आता यशोदा. गोष्ट गोड आहे, पण तिचा शेवट आठवा. कृष्ण मथुरेला जातो तो गोकुळात नांदायला परत येत नाही. एका पाच वर्षांच्या पोरीने ती ऐकून आईला विचारलं होतं, "मग मला न्यायला रथ कधी येणार?" कर्णाची तर इतक्यात नकोच. पेटीत घालून नदीत सोडलेलं बाळ, आणि पुढे जन्मभर 'सूतपुत्र' म्हणून टोमणे. मोठेपणी वाचू दे. 'आम्ही तुला निवडून आणलं' हेही नको. निवडलेली वस्तू परत करता येते, हे मुलांना आपल्याआधी सुचतं.

दोनशे पानी वही आणा. संस्थेने दिलेली तिची फाइल बाहेर काढा. शिशुगृहातला पहिला फोटो, घरी आणल्याची तारीख, त्या दिवशीचं झबलं, गाडी कुणी चालवली, वाटेत ती किती वेळा ओकली, सगळं तिच्यासमोर चिकटवा आणि लिहा. माहीत नाही तिथे जागा कोरी सोडा, कल्पनेने भरू नका. अठरा पूर्ण झाल्यावर तिला आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी स्वतः अर्ज करता येतो, त्याआधी तुमच्यासोबत. म्हणजे आज थाप माराल ती उद्या तिच्याच हातून उघडी पडेल. वही पाहुण्यांना दाखवायची नाही. कुणाला दाखवायची ते ती ठरवेल.

पहिलं वाक्य कसं बोलायचं याची धास्ती सगळ्यांना असते. त्यासाठी तुमच्या संस्थेतल्या समाजसेविकेला किंवा एखाद्या बालसमुपदेशकाला या महिन्यातच भेटा, आणि सासूबाईंना बरोबर न्या. त्यांना घरी ठेवून आलात तर अर्धंच काम होईल.

प्रश्न : दत्तकाच्या सरकारी पोर्टलवर मुलाची माहिती आली आहे. वैद्यकीय अहवालात 'जन्मवजन कमी' लिहिलंय. 48 तासांत होय-नाही कळवायचं आहे. रात्रभर इंटरनेट वाचतोय. (उचगाव)

दोन घड्याळं आहेत, तुम्ही एकच पाहताय. 48 तास आहेत ते मूल राखून ठेवायला. त्यानंतर भेटून, कागद पाहून स्वीकारायला राखून ठेवल्यापासून 30 दिवसांपर्यंत मुदत असते. अहवाल तुमच्या पसंतीच्या डॉक्टरला दाखवण्याची मुभा नियमातच आहे. अडीच किलोच्या खाली जन्मलेल्या बाळाला 'कमी वजनाचं' म्हणतात, आणि अशी बाळं आपल्याकडे घरोघरी वाढली आहेत. पण या बाळाचं वजन पुढे कसं वाढलं, मान कधी धरली, हे अहवालातून वाचायला बालरोगतज्ज्ञच हवा. बाल अध्ययन अहवालही, म्हणजे बाळाच्या वाढीची आणि सवयींची नोंद, सोबत न्या. लोक तो चाळतात फक्त. झोपताना बाळाला काय लागतं, हे बऱ्याचदा त्यातच असतं.

प्रश्न : आठ वर्षांचा मुलगा चार महिन्यांपूर्वी आला. पोटभर जेवतो, तरी उशीखाली चपात्या लपवतो. रागावलो, उपयोग नाही. शिस्तीवरचं पुस्तक सुचवा. (शिरोळ)

शिस्तीवरचं तर मुळीच नको. ज्याला कधीतरी पुढच्या जेवणाची खात्री नव्हती, त्याचं पोट भरलं तरी मन चार महिन्यांत भरत नाही. चपात्या पकडू नका. भडंगाचा एक डबा त्याच्या हाताला येईल अशा फळीवर ठेवा, त्यावर त्याचं नाव लिहा आणि तो रिकामा दिसला की न बोलता भरा. महिन्या-दोन महिन्यांत लपवणं कमी होतं का ते बघा. झोप उडालेली असेल, अंथरूण ओलं होत असेल किंवा तो स्वतःला दुखापत करत असेल तर मात्र वाट बघू नका, समुपदेशकाकडे न्या. दोन वर्षं दर सहा महिन्यांनी संस्थेची पाठपुरावा भेट असते, तेव्हा हे सांगा. 'मूल परत नेतील' म्हणून लपवणारे पालक मला चपात्या लपवणाऱ्या पोरांइतकेच घाबरलेले दिसतात.

प्रश्न : भाऊ-भावजय वारले. त्यांची दोन मुलं माझ्याकडे आहेत. फॉस्टर केअरची माहितीपुस्तिका कुठे मिळेल? दोन वर्षांनी मुलं आपोआप माझ्या नावावर होतात ना? (भुदरगड)

आपोआप काहीच होत नाही. आणि तुमचं हे फॉस्टर केअर नाही. त्यात नात्याबाहेरचं कुटुंब, सहसा सहा वर्षांवरच्या मुलाला, ठरावीक काळ सांभाळतं. 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनी असं सांभाळल्यावर दत्तकासाठी अर्ज करण्याआधीचा काळ पाचावरून दोन वर्षांवर आणला, तेव्हापासून लोक त्याला दत्तकाचं मागचं दार समजू लागलेत. तुम्ही बालसंगोपन योजनेबद्दल विचारा. तिथे दर मुलामागे महिन्याला 2,250 रुपये मिळतात. कायमचं हवं असेल तर नात्यातलं दत्तक हा वेगळा मार्ग आहे आणि त्याचा आदेश जिल्हाधिकारी देतात. दोन्हींसाठी मृत्यूचे दाखले घेऊन महिला व बालविकास कार्यालयात जा. एजंट लागत नाही.

प्रश्न : मी शिक्षक आहे. इतिहासात डलहौसीचं 'दत्तक वारस नामंजूर' शिकवताना वर्गात एक दत्तक मुलगा आहे. धडा कसा हाताळू? (कागल)

विचारलंत याचाच आनंद झाला. 1848 मध्ये साताऱ्याचं राज्य घेताना डलहौसीने नाकारला तो गादीवरचा हक्क; ते मूल त्या घरचं नव्हतं असं त्याने सिद्ध केलं नाही. हे एक वाक्य वर्गात स्पष्ट बोला. आणि कागलात असताना उदाहरणाला लांब कशाला जायचं? तुमच्याच गावच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव 17 मार्च 1884 ला दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. फक्त हे सांगताना त्या मुलाकडे बघू नका. तो शाहू नाही, आठवीतला पोरगा आहे. तेव्हाचं दत्तक गादीला वारस हवा म्हणून होतं, आजचं मुलाला घर हवं म्हणून आहे, हा फरकही सांगता येईल. वंशवृक्षाचा गृहपाठ असेल तर 'घरातली माणसं काढा' एवढंच म्हणा. पण आधी त्याच्या आईवडिलांशी बोला. त्याला किती माहीत आहे, ते तुम्हाला ठाऊक नाही.

प्रश्न : बाळाची जन्मवेळ कुठेच नाही. पत्रिका कशी वाचायची? (रंकाळा परिसर)

वाचू नका. फाइलमध्ये लसीकरणाचं कार्ड असेल, ते वाचा, आणि राहिलेला डोस द्यायला बाळाला या आठवड्यात बालरोगतज्ज्ञाकडे न्या.