दृष्टांत, दर्शन आणि उडती तबकडी

प्रश्न असा आला आहे: बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याला नदीकाठी जे दिसलं (चार तोंडांचे प्राणी, चाकं आणि वर सिंहासन), त्याला मराठीत ‘दृष्टांत’ म्हणावं की ‘दर्शन’? आणि वाद घालणारा समोरचा माणूस ‘त्याला यूएफओ दिसला होता’ असं म्हणतो, ते भाषेच्या अंगाने बरोबर आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. वाक्य चूक नाही, पण त्यातून काहीच कळत नाही. यूएफओ म्हणजे ओळख न पटलेली उडती वस्तू. अमेरिकी हवाई दलाने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या नोंदींसाठी हा शब्द रूढ केला. ‘काय होतं ते समजलं नाही’ एवढाच तो शेरा. परग्रहावरचं यान हा अर्थ लोकांनी त्याला नंतर चिकटवला. ‘यूएफओ होता, म्हणजे परग्रहवासी आले होते’ असं म्हणणं म्हणजे ‘चोर कोण ते कळलं नाही, म्हणजे शेजारीच चोर’ म्हणण्यासारखं आहे.

‘उडती तबकडी’ची तर वेगळीच गंमत. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाला अमेरिकेत माउंट रेनियरजवळ नऊ वस्तू वेगाने जाताना दिसल्या. पाण्यावर बशी भिरकावली की ती जशी टप्पे घेत जाते, तशा त्या चालल्या होत्या, असं तो म्हणाला. बशी आली ती चालीसाठी. वर्तमानपत्रांनी ती आकाराला लावली. त्याने स्वतः काढलेल्या चित्रातली वस्तू पुरती गोल नाहीच, मागे निमुळती आहे. पण शब्द रुळला, आणि पुढच्या कितीतरी साक्षींमध्ये गोल तबकड्याच उडू लागल्या. मराठीने बशीही टाकून दिली आणि तबकाचं लघुरूप घेतलं. बरंच झालं म्हणा, ‘उडती बशी’ म्हटलं की भूत नाही, भांडण आठवतं.

आता मूळ प्रश्न. माझं मत ‘दृष्टांत’ला, आणि त्याला कारण आहे. ‘दर्शन झालं’ म्हटलं की कोणीतरी समोर होतं आणि त्याने दर्शन दिलं, हे आपण आधीच मान्य करून बसतो. ‘साक्षात्कार’ त्याहून जड. त्यात पाहणाऱ्याची आतली खात्रीही आली. ‘दृष्टांत’ हा मात्र दुपेडी शब्द आहे. ‘देवाने स्वप्नात दृष्टांत दिला’ हा एक पेड. दुसरा, एखादी गोष्ट पटवायला दिलेला दाखला. न्यायशास्त्राच्या, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्राच्या, सोळा पदार्थांत (विचाराच्या विषयांत) दृष्टांत आहे तो या अर्थाने, आणि महानुभावांच्या ‘दृष्टांतपाठा’तलाही हाच. दिसणं आणि ‘अमुक हे तमुकासारखं’ असं सांगणं, दोन्ही या एका शब्दात बसतं.

आणि यहेज्केलचा मजकूर नेमका तसाच आहे. मूळ हिब्रूत ‘दमूत’ (सारखेपणा, प्रतिमा) आणि ‘मरए’ (दिसणं, रूप) हे शब्द तो पुन्हा पुन्हा वापरतो. प्राण्यांसारखं काही, सिंहासनासारखं काही, माणसाच्या रूपासारखं काही. पहिल्या अध्यायाच्या शेवटी तर तो परमेश्वराचं तेज दिसलं असंही सरळ म्हणत नाही; त्या तेजाच्या प्रतिमेचं रूप दिसलं म्हणतो. इतकं जपून बोलणारा साक्षीदार विरळा.

नासातला अभियंता योसेफ ब्लूमरिख १९७० च्या दशकात याच अध्यायाला भिडला. म्हणे अंतराळयानाची कल्पना खोडायला गेला आणि यानाचा आराखडाच काढून बसला. न वळता चारही दिशांना जाणाऱ्या चाकाचं पेटंटही त्याला १९७४ साली मिळालं. त्याच्या बाजूचा मुद्दा अगदीच उडवून लावण्यासारखा नाही: अनोळखी यंत्र पाहिलेला माणूस ओळखीच्या शब्दांतच बोलणार. पण मग अनोळखी असं होतं काय? त्या प्राण्यांना माणूस, सिंह, बैल, गरुड ही चार तोंडं. मेसोपोटेमियात महाद्वारांशी माणसाच्या डोक्याचे, पंखांचे बैल कोरलेले असत, आणि हा माणूस इ.स.पू. ५९३ च्या सुमारास बाबेलच्या मुलखात, खबार नदीकाठी, यहुदी बंदिवानांमध्ये राहत होता. त्यांचं मंदिर तिकडे यरुशलेमात. देव आपल्यापर्यंत इथे पोचेल का, हा त्या लोकांचा जिवावरचा प्रश्न. त्याला दिसलेल्या सिंहासनाखाली चाकं आहेत. मला तरी ही चाकं समजायला इंजिन लागत नाही.

शब्द मागे नेऊन वाचले की काय होतं, याचा मासला याच अध्यायात आहे. त्या तेजासाठी ‘हश्मल’ असा शब्द येतो, जो हिब्रू बायबलात यहेज्केलच्या ग्रंथाबाहेर कुठेच नाही. ग्रीक भाषांतरकारांनी त्याला ‘एलेक्ट्रॉन’ म्हटलं, म्हणजे अंबर किंवा सोन्याचांदीचा मिश्रधातू. १९ व्या शतकात नव्या हिब्रूला विजेसाठी शब्द हवा होता, तेव्हा हाच हश्मल उचलला गेला. आज इस्रायलमधलं शाळकरी पोर हा अध्याय उघडून ‘अरे, इथे वीज आहे!’ म्हणालं तर त्याचं काय चुकलं?

आपल्या ‘विमाना’चं हेच झालं आहे. मूळ संस्कृत धातू ‘मा’, मापणे. अमरकोशात विमान म्हणजे व्योमयान आहेच, पण सात मजली प्रासादही विमान आणि दक्षिणेकडच्या देवळात गाभाऱ्यावरचा उंच भागही विमान. मराठीने तोच शब्द विसाव्या शतकात धावपट्टीवर आणला, आणि आता रामायणातलं पुष्पक वाचताना आपल्याला इंजिनाचा आवाज येतो. प्राचीन विमानविद्येची म्हणून सांगितल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ या पोथीची बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ मध्ये तपासणी केली. ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीची निघाली आणि त्यातली यानं उडण्याजोगी नव्हती.

तेव्हा तुमचं वाक्य असं करा: ‘यहेज्केलला झालेल्या दृष्टांताचा काही जण यान असा अर्थ लावतात.’ त्याला काय दिसलं आणि आपण त्याला काय म्हणतो, हे यात वेगळं राहतं. शुद्धलेखनाचं विचाराल तर ‘दृष्टान्त’ही चालतो, फक्त एका लेखात दोन्ही नकोत.