मांजराचं पाणी: बशीत कमी, जेवणात जास्त

उन्हाळा चढला की या सदराकडे मांजरांच्या पाण्याबद्दलची पत्रं वाढतात. त्यातले चार प्रश्न या अंकात घेतले आहेत.

आमचा बोका चार वर्षांचा, वजन चार किलो. खाणं सगळं सुकं, दाणेदार. पाण्याची बशी कायम भरलेली असते, पण तो क्वचितच तोंड लावतो. पारा ४४ वर गेलाय. त्याच्या पोटात किती पाणी जायला हवं? (अकोला)

किलोमागे दिवसाला ४० ते ६० मिलि, म्हणजे तुमच्या बोक्याला साधारण २०० मिलि. यात जेवणातलं पाणीही धरायचं, आणि खरी गोम तिथेच आहे. उंदराच्या किंवा पाखराच्या अंगात सुमारे ७० टक्के पाणी असतं. मांजराचे पूर्वज रखरखीत प्रदेशातले. शिकारीतूनच पाणी मिळवायचं आणि लघवी दाट करून ते राखायचं, अशी त्यांच्या शरीराची घडण. त्यामुळे मांजराची तहान मंद असते. सुक्या दाण्यांत पाणी जेमतेम ८ ते १० टक्के. दिवसाला ६० ग्रॅम दाणे खाल्ले तर पाच-सहा मिलि पाणी मिळालं, बाकी सगळं बशीतून यायला हवं. ते सहसा येत नाही.

आधी मोजून बघा. सकाळी ठरलेल्या वेळी भांड्यात ३०० मिलि पाणी मोजून घाला. तसंच दुसरं भांडं, तेवढंच पाणी घालून, शेजारी जाळीच्या टोपलीखाली झाका. विदर्भाच्या कोरड्या हवेत, त्यात पंखा चालू असला की पाणी नुसतं उडूनही बरंच जातं. हे दुसरं भांडं तो हिशेब दाखवतं. चोवीस तासांनी बोक्याच्या भांड्यात २१० मिलि उरलं आणि टोपलीखाली २७०, तर तो प्यायला ६० मिलि, ९० नव्हे. तीन दिवसांची सरासरी काढा.

आता पाणी जेवणात घाला. एक वाटी दाण्यांना एक वाटी कोमट पाणी, दहा-पंधरा मिनिटं भिजू द्या. एकदम सगळं भिजवलंत तर बोका नाक मुरडेल, म्हणून पहिले तीन-चार दिवस दाण्यांवर एक-दोन चमचे पाणीच शिंपडा आणि आठवड्याभरात वाढवत न्या. भिजवलेलं खाणं या हवेत लवकर आंबतं, अर्ध्या तासात उचलून टाका. पहाटे आणि दिवेलागणीला द्या, मांजर तेव्हाच जास्त जागं आणि भुकेलं असतं. परवडत असेल तर ओल्या खाण्याचं ८५ ग्रॅमचं एक पाकीट रोज सुरू करा. एकट्या त्यातून ६५ मिलिच्या आसपास पाणी जातं. त्या दिवशी दाणे १५-२० ग्रॅमनी कमी करा, नाहीतर वजन वाढेल.

बशी जेवणाशेजारी किंवा शी-शूच्या (लिटर) ट्रेजवळ असेल तर आजच हलवा. बऱ्याच मांजरांना खाण्याजवळचं पाणी नको असतं. घरात निदान तीन ठिकाणी पाणी ठेवा, आणि तेही कोपऱ्यात नको. पाणी पिताना खोली नजरेत राहील अशी जागा निवडा. भांडं पसरट आणि काठोकाठ भरलेलं असावं. प्लॅस्टिकला ओरखडे पडून वास धरतो, हनुवटीवर काळे पुटकुळ्यांसारखे ठिपकेही येऊ शकतात. स्टील, काच किंवा चिनी माती उत्तम.

मातीच्या परळात पाणी ठेवलं तर चालेल का? आमची मनी कूलरच्या टाकीतलं पाणी पिते, ते थांबवायचं कसं? (नागपूर)

परळ उत्तम. तुमच्याकडे मृगाच्या पावसापर्यंत त्यात पाणी छान गार राहतं. कोकणात किंवा मुंबईत हवेतच ओल असल्यामुळे हा गुण फारसा दिसत नाही. मात्र परळाची छिद्रं बुळबुळीत थर धरतात. आतून बोट फिरवा, निसरडं लागलं की उशीर झाला समजा. रोज काथ्याने साबणाशिवाय घासा. दोन परळ ठेवा, एक वापरात, एक उन्हात.

टाकीचं पाणी मात्र थांबवायलाच हवं. साचून त्यात शेवाळ आणि डासांच्या अळ्या होतात, आणि अळ्यांसाठी कुणी त्यात फिनाईल टाकलं असेल तर ते मांजराला विषच. मांजराच्या यकृताला फिनॉलची द्रव्यं निकामी करता येत नाहीत. (फरशी फिनाईलने पुसणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं, मांजर पंजे चाटतं.) शिवाय टाकीत विजेचा पंप असतो. झाकणाला जाळी बसवा, अर्थिंग तपासून घ्या आणि कूलरच्या वाऱ्याच्या झोतात, थोड्या अंतरावर, परळ ठेवा. मनीला बहुधा तिथला गारवा हवा असतो.

पाणी पीत नाही म्हणून दूध, ताक किंवा सूप दिलं तर? (ठाणे)

दूध नको. बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही, जुलाब होतात आणि होतं ते पाणीही जातं. ताकात मीठ असतं. घरचं सूप, रस्सा अजिबात नको, कारण कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. सुकटही खारट, तीही नको.

करायचंच तर १०० ग्रॅम बिनहाडाचं चिकन अर्धा लिटर पाण्यात वीस मिनिटं उकळा. मीठ, हळद, आलं काहीही नाही. गार करून वरचा चरबीचा पापुद्रा काढा. फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतं, उरलेलं बर्फाच्या ट्रेत गोठवा. जेवणावर दोन मोठे चमचे पुरेत. साधं पाणी शेजारी असायलाच हवं.

मांजराच्या अंगात पाणी कमी झालंय हे ओळखायचं कसं? आमचा बोका कालपासून सारखा ट्रेत जाऊन बसतोय. (चंद्रपूर)

दुसरा भाग आधी, कारण तो थांबू शकत नाही. बोका वारंवार ट्रेत बसून कुंथत असेल आणि लघवी थेंब थेंब होत असेल किंवा होतच नसेल, तर मूत्रमार्ग तुंबल्याची शक्यता आहे. लोक बद्धकोष्ठ समजून वाट पाहतात. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद, दाट लघवीत खडे आणि चिकट गाळ धरतो. पूर्ण तुंबलं तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. हे वाचताक्षणी पशुवैद्याकडे न्या, घरी पाणी पाजत बसू नका.

एरवी हिरडीवर बोट फिरवा. ओली, सरकती हवी. चिकटली तर पाणी कमी. खांद्यांमधली कातडी चिमटीत उचलून सोडा, ती लगेच खाली बसली पाहिजे. म्हाताऱ्या आणि हडकुळ्या मांजरात ही खूण फसवते. ट्रेतल्या वाळूत लघवीने होणारे गोळे रोज मोजा, दोन ते चार असावेत. अचानक लहान किंवा कमी झाले तर दखल घ्या. म्हातारं मांजर एकाएकी खूप पाणी प्यायला लागलं, तर मूत्रपिंड किंवा साखर तपासून घ्या.

शांत बसलेलं मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल तर ऊन बाधलंय, असं समजून हालचाल करा. सावलीत न्या, पोट आणि पंजे पाण्याने भिजवा, पंखा लावा. दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला कढत येतं, म्हणून माठातलं घ्या. बर्फ लावू नका, कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता अडकते. ओल्या टॉवेलात गुंडाळूनही ठेवू नका. मलूल मांजराच्या तोंडात सिरिंजने पाणी सोडलं तर ते फुप्फुसात जाऊ शकतं. ताप समजून पॅरासिटामॉल तर कधीच देऊ नका, थोडीशी मात्राही मांजराला मारते. आणि चंद्रपूरकर, बोक्याला घेऊन निघताना दवाखान्यात फोन करून त्याचं वजन आणि शेवटची लघवी कधी झाली ते सांगा.