दुबळ्या हृदयाला बीटा ब्लॉकर कशासाठी?

प्रश्न : वडिलांचे हृदय कमजोर झाले आहे, तरी त्यांना हृदयाचा वेग कमी करणारे बीटा ब्लॉकर दिले आहे. हे कसे?

उत्तर : आपली शंका रास्त आहे, पूर्वी डॉक्टरही अशा रुग्णांना हे औषध देणे टाळत. हृदय कमी पडू लागले की शरीर हृदयाला वेगाने व जोराने काम करायला लावणाऱ्या रसायनाचा, म्हणजे नॉरअ‍ॅड्रेनालिनचा मारा वाढवते. तो महिनोन्‌महिने चालला की हृदयपेशी आपल्या पृष्ठभागावरील बीटा-१ रिसेप्टर, म्हणजे हे रसायन टिपणारे रेणू, घटवतात (१९८२ च्या एका अभ्यासात निकामी हृदयांतील बीटा रिसेप्टर सुमारे निम्म्यावर आलेले आढळले), उरलेल्यांना जीआरके-२ हे विकर निष्प्रभ करते आणि कॅल्शियम परत साठवणारा सर्का पंप मंदावल्याने ठोक्यानंतर स्नायू पुरेसा सैलावत नाही. बीटा ब्लॉकर हा मारा अडवते, म्हणून ते दुबळ्या हृदयालाही उपयोगी पडते. सुरुवातीला थकवा वाढू शकतो, म्हणून मात्रा अल्प ठेवून हळूहळू वाढवतात; औषध परस्पर बंद करू नये.