विमानाचं तिकीट राहू द्या, ११ दिवस उरलेत

नाशिकला तीन वर्षांसाठी बदली झालेल्या वाचकाचं पत्र आहे. वय ३९. पत्नी, दोन मुलं आणि आई नागपुरात मनीषनगरला. घरकर्ज ३२ लाख बाकी. महिन्यातून दोनदा घरी यायचं आहे. "अंतर ५५० किमी, विमानाने तासाभराचं काम, येऊन-जाऊन ९ हजार. परवडेल का? खर्चाची सोय म्हणून वर्षाला दीड लाख हप्त्याची पॉलिसी घेतली आहे, १८ टक्के परतावा. कागद १९ दिवसांपूर्वी आले."

आधी विचारलेलं आटपू. ५५० किमी हे सरळ रेषेतलं अंतर. एटीआरसारखं पंख्याचं विमान ताशी ५०० किमीच्या आसपास जातं. चढणं-उतरणं धरून दीड तास. नाशिक शहरातून ओझरचा विमानतळ पाऊण तास, चेक-इन काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो म्हणून दीड तास आधी पोचणं, नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरून घर गाठायला अर्धा तास. झाले सव्वाचार तास. रात्रीच्या विदर्भ एक्स्प्रेसला याच्या दुपटीहून जास्त वेळ लागतो, पण तो झोपेत जातो. थर्ड एसीने येऊन-जाऊन अडीच हजार धरा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. वर्षाचा हिशेब विमानाने दोन लाख १६ हजार, रेल्वेने ६० हजार. फरक दीड लाखाच्या वर, म्हणजे तुमचा हप्ताच.

आता तो हप्ता. १० वर्षं दीड लाख भरायचे आणि ११ वर्षांनंतर १० वर्षं २.७ लाख घ्यायचे, असा हा प्रकार. एजंटने २.७ ला भरलेल्या १५ लाखांनी भागलं आणि १८ टक्के लिहून दिले. याला परतावा म्हणत नाहीत, गंडवणं म्हणतात. प्रत्येक हप्ता ११ वर्षांत १.८ पट होतो, म्हणजे साडेपाच टक्के. आजच्या ७.१ टक्क्यांनी पीपीएफ या सरकारी बचत योजनेत त्याच दीड लाखाचे ११ वर्षांत ३.२ लाख होतात, तेही करमुक्त. (पीपीएफचा दर दर तिमाहीला ठरतो, हे खरं.) शिवाय बदली तीन वर्षांची आणि पैसे ११ वर्षांनी! त्यातून विमानाची तिकिटं कशी निघणार होती?

त्याहून वाईट म्हणजे विमा फक्त १५ लाखांचा. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर निम्मंही कर्ज फिटत नाही.

कागद मिळाल्यापासून ३० दिवस फ्री-लूक असतो, म्हणजे पॉलिसी परत करायची मुदत. तुमचे ११ उरले. पॉलिसी रद्द करायचा लेखी अर्ज, मूळ बॉण्ड (पॉलिसीचा कागद) आणि रद्द केलेला चेक घेऊन स्वतः कंपनीच्या शाखेत जा, तारखेच्या शिक्क्याची पोच घ्या. त्याच दिवशी तोच अर्ज ईमेलनेही पाठवा. एजंटच्या हाती कागद देऊ नका. त्याचं कमिशन परत जाणार असतं, म्हणून तो "बघतो" म्हणत दिवस काढतो. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांचा विम्याचा खर्च कापून बाकी रक्कम परत मिळते. टाळाटाळ झाली तर विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार करा.

त्याच आठवड्यात एक कोटीचा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) मागा, वयाच्या साठीपर्यंत. धूम्रपान नसेल तर वर्षाला साधारण १५ ते २० हजार. साखर, बीपी काही असेल तर फॉर्मवर लिहा. लपवलं की दावा तिथेच अडकतो.

एजंट म्हणेल, "एक वर्ष तरी चालू द्या." वर्षभरानंतर सरेंडर केलंत, म्हणजे पॉलिसी मध्येच मोडलीत, तर भरलेल्यापेक्षा बरंच कमी हातात येतं.