ऑइल पंप खोलण्याआधी

कुंभार्ली घाट चढल्यावर आयडलिंगला ऑइलचा दिवा लुकलुकला, म्हणून लगेच नवा पंप आणू नकोस. ऑइलचं प्रेशर ओळखून दिवा लावणारा स्विच बिघडला तरी दिवा लागतो. स्विच काढून तिथे प्रेशर गेज लाव आणि इंजिन गरम असताना प्रेशर बघ. खरंच कमी असेल तरच इंजिनाखालचा ऑइल पॅन उतरव. आपल्या खाऱ्या हवेत त्याचे बोल्ट गंजतात; आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेव. जोर केलास तर बोल्ट तुटून ब्लॉकमध्येच राहील.

आधी पंप ज्यातून ऑइल ओढतो ती जाळी बघ. ती काळ्या गाळाने बुजली असेल तर बिचाऱ्या पंपाचा काय दोष? नुसती बाजारापुरती फिरणारी गाडी नीट तापत नाही, ऑइलमधला ओलावा उडत नाही आणि गाळ धरतो. जास्तीचं प्रेशर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह बोटाने सहज सरकायला हवा. पंपात फिरणाऱ्या रोटरची फट फीलर गेजने, म्हणजे मापाच्या पातळ पट्ट्यांनी मोज, मर्यादा मॅन्युअलमधलीच धर. पंप चांगला निघाला तर इंजिनाच्या बेअरिंगकडे वळ; ती झिजली तरी प्रेशर पडतं.

नवा पंप कोरडा अजिबात बसवू नकोस. आत स्वच्छ ऑइल भरून रोटर हाताने फिरव. सक्शन पाइपची ओ-रिंग नवीच घाल, नाहीतर पंप हवा ओढतो. ऑइल पॅन बसवताना सीलंट पातळच लाव. जास्तीचे तुकडे सुटून पुन्हा जाळीत अडकतात. शेवटी इंधन बंद ठेवून दिवा विझेपर्यंत स्टार्टर थांबत थांबत मार.